अण्णांची डुलकी आणि पंधराचा फ्यूज

मंडळी, आज दुपारी आई-अण्णांना घेऊन सोनारीला भैरवनाथाच्या दर्शनाला गेले होते. झोपेत अण्णांचा श्वास मधेच थांबतो, म्हणून डॉक्टरांनी नाकाला लावायचं सीपॅप मशीन दिलंय. जेवल्यावर अण्णांना डुलकी लागतेच, त्यामुळं मशीनही सोबत होतं.

लिंबाखाली गाडी लावली, मशीन गाडीच्या सॉकेटला जोडलं. पाच मिनिटांत बंद! फ्यूज उडाला होता.

अण्णा म्हणाले, "जाड तार टाक की. हिरीवरच्या मोटारीला म्या जलमभर तेच केलंय."

खरं सांगते, मी तार शोधायलाही लागले होते. पण कधी न चिडणारी आई चिडली, "तितं मोटार जळती. हितं तुमी निजणार हाव!"

मग परंड्याच्या ओळखीच्या मिस्त्रीला फोन लावला. "ताई, फ्यूजच्या झाकणावर लिहिलाय तेवढाच टाका. मोठा टाकला तर फ्यूज टिकंल, वायर पेटंल. आन् हवा ओली करायला मशीन पाणी तापवतं ना, ते बंद ठेवा, लई करंट ओढतं."

झाकणावर पंधरा अँपिअर लिहिलेलं, आत कुणीतरी दहाचा बसवलेला. झाकणामागंच पंधराचा जादा फ्यूज मिळाला. तो बसवला, पाणी तापवणं बंद केलं आणि मशीन चाललं.

थोड्या वेळानं मागं वळून पाहिलं. अण्णा झोपले होते. मशीन येण्याआधी कितीतरी वर्षं त्यांच्या छातीवर हात ठेवून जागलेली आई, आजही हात तिथंच ठेवून, चक्क घोरत होती.

तुमच्या घरात असं कोण जागत आलंय? त्यांना झोप मिळते का?