भावनाताईंचे समोरचे दोन दात

एकोडी गावच्या आशा कार्यकर्त्या भावना रंगारी यांचे वरचे समोरचे दोन दात रुग्णवाहिकेत गेले. एका गरोदर बाईला साकोलीच्या दवाखान्यात नेताना रस्त्यात रानडुक्कर आडवं आलं. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि भावनाताईंचं तोंड लोखंडी दांडीवर आपटलं. एक दात तिथेच पडला, दुसरा चार दिवसांनी काढावा लागला. बाई सुखरूप बाळंत झाली. तोंडाला रुमाल धरूनच भावनाताईंनी तिचे कागद भरले.

नंतरचे आठ महिने त्या मास्क लावून घरोघरी फिरल्या. ‘फॉलिकची गोळी’ म्हणायला गेल्या की नुसती हवा निघायची. एका ओसरीवर चिंधूबाबा म्हणाले, “तू आमच्या पोरायले दात घासाले सांगतेस, अन् तुहेच गेले!” सगळे हसले. भावनाताईही हसल्या आणि घरी जाऊन चपला न काढताच खाटेवर आडव्या झाल्या.

“साऱ्या गावाले दवाखान्यात नेतेस,” सासू तुळसाबाई म्हणाल्या, “तुले सोतासाठी काहून नाई जमत?”

“सुट्टी कोठून आणू, आई?”

शेवटी एका सोमवारी त्या लाखनीला गेल्या. दातांच्या डॉक्टर मेघा यांनी सगळं समजावलं. हाडात स्क्रू बसवून लावलेला दात सगळ्यात पक्का, पण महिने लागतात आणि खर्च फार. बाजूच्या दातांच्या आधारानं बसवलेला ब्रिज त्याहून स्वस्त, पण त्यासाठी ते चांगले दात घासून बारीक करावे लागतात. तिसरी, काढता-घालता येणारी दोन दातांची प्लेट.

“चांगले दात नका घासू, मॅडम,” भावनाताई म्हणाल्या. “प्लेटच द्या.”

“चालेल. रात्री काढून पाण्यात ठेवायची. पुढं जमलं तर दुसरं करू.”

पुढच्या आठवड्यात प्लेट बसली. जेवताना खाली भात अडकायचा, बोलताना टकटक वाजायचं. दोनदा त्यांनी वैतागून ती काढून ठेवली. तुळसाबाईंच्या स्वतःच्या तोंडात एकही दात नव्हता. त्या म्हणाल्या, “मोठ्यानं वाच. जिभेले सवय होऊ दे.” मग भावनाताई रोज संध्याकाळी लसीकरणाच्या रजिस्टरमधली नावं मोठ्यानं वाचू लागल्या. नाव नीट कळलं नाही की सासू पुन्हा म्हणायला लावायची.

महिनाभरानं अंगणवाडीत बायकांची बैठक होती. भावनाताईंनी मास्क न लावताच बोलायला सुरुवात केली. रुपा नावाच्या गावातल्या एका सुनेनं विचारलं, “ताई, आज मास्क नाई?”

“नाई,” त्या म्हणाल्या आणि गोळ्यांचं सांगू लागल्या. बायकांना धानाच्या रोवणीला जायची घाई होती.

घरी आल्यावर त्यांनी प्लेट धुऊन वाटीभर पाण्यात ठेवली. हिरडी लाल झाली होती.

“दुखून राहिली का?” सासूनं विचारलं.

“प्लेट थोडी घासते. उद्या दाखवून येईन.” मग रजिस्टर पाहून म्हणाल्या, “उद्या नाई, लसीकरण हाय. परवा पाहू.”