आमच्या गेमची चोरून केलेली मराठी

घोडबंदर रोडवरच्या एका ऑफिसात मी लहान मुलांना पाढे शिकवणाऱ्या ॲपसाठी चित्रं काढते. हसरे ससे, टोपी घातलेले हत्ती, बेरीज चुकली की हिरमुसणारं कासव. त्या पगारावर माझं आणि आईचं बाळकुमचं घर चालतं. उरलेल्या वेळात मी आणि माझी कॉलेजपासूनची मैत्रीण मोठ्या माणसांसाठी गेम बनवतो. मोठ्यांसाठी म्हणजे अठराच्या आतल्यांनी उघडू नयेत असे. मैत्रीण कल्याणला राहते. प्रोग्रामिंग तिचं, गोष्ट आणि चित्रं माझी. आईला मी 'गोष्टींचे गेम' एवढंच सांगितलंय, आणि तिने त्यापुढे कधी खोदून विचारलेलं नाही. तेवढ्यासाठीसुद्धा मी तिची आभारी आहे.

आमचा पहिला गेम एका नवरा-बायकोचा होता. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मुलगी शिकायला बाहेरगावी, आणि बायकोचं छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन गेलेलं. तेव्हापासून नवरा हॉलमध्ये सोफ्यावर झोपतो. त्याला वाटतं, तिला आपला त्रास नको. तिला वाटतं, आता त्याला आपल्याकडे बघवत नाही. खेळणाऱ्याने दोघांनी काय बोलायचं ते निवडत जायचं. काही वाटांनी ती दोघं पुन्हा जवळ येतात, आणि ते जवळ येणं आम्ही दार लावून लपवलं नव्हतं.

गेम इंग्रजीत होता. बाहेरच्या देशांतले लोक असले गेम विकत घेतात, हे एक कारण. दुसरं खरं कारण म्हणजे मराठीत ते लिहायला माझा हातच धजत नव्हता. प्रत्येक शब्द एक तर शिवीसारखा वाटायचा, नाहीतर संस्कृतच्या पेपरातला.

एका ऑनलाइन दुकानात तो बऱ्यापैकी चालला. मग एक दिवस दुकानाचा मेल आला. पैशांचे व्यवहार करणाऱ्या कंपन्यांना असे गेम नको झाले होते, म्हणून दुकानाने आमच्यासकट कितीतरी जणांचे गेम काढून टाकले. मैत्रिणीने मेलवर मेल केले. प्रत्येक वेळी तेच ठरावीक उत्तर. मी ऑफिसात कासवाचे डोळे रंगवत बसले आणि सगळं संपलं असं धरून चालले.

काही महिन्यांनी, मी जेवायला बसलेले असताना तिचा फोन आला.

"अगं ए, आपला गेम चोरलाय कुणीतरी. पायरेटेड साइटवर फुकट ठेवलाय."

"ठेवू दे. तसाही कुठे विकला जातोय."

"ऐक तर! मराठीत ठेवलाय."

शनिवारी मी तिच्याकडे गेले. आम्ही आमचाच गेम चोरांच्या साइटवरून उतरवून घेतला. तिला हसू येत होतं, मला मात्र राग आलेला. माझी माणसं, आणि त्यांच्या तोंडी न विचारता कुणीतरी भलतंच काही घातलेलं असणार.

पहिल्याच प्रसंगात मी खुर्ची पुढे ओढली. इंग्रजीत दोघं एकमेकांशी एकाच सुरात बोलत होती. इथे ती त्याला अहो-जाहो करत होती. "अहो, गोळी घेतलीत का?" "अहो, झोपा आता." एवढ्यानेच त्या घरात भिंती उभ्या राहिल्या. पुढे ती त्याला बोलावते, तिथे मी इंग्रजीत लांबलचक वाक्य लिहिलेलं, तिला तो किती हवाय वगैरे. मराठीत तिथे एवढंच होतं, "आज इकडेच झोप."

झोपा नाही, झोप. अख्ख्या गेममध्ये पहिल्यांदा.

मैत्रीण स्क्रीनकडे बघत राहिली. "हे आपण लिहिलेलं?"

"नाही गं."

"मग हे कुण्या बाईने लिहिलंय. मी सांगते तुला."

साइटवर गेमच्या खाली भाषांतर करणाऱ्याने लिहिलं होतं, की आम्हाला हा विकतच घ्यायचा होता, पण दुकानातून काढलेला दिसला. गेम बनवणाऱ्यांपैकी कुणी हे वाचलं तर माफ करा आणि कळवा. मी कळवलं. उत्तर लगेच आलं, आणि ते एका पुरुषाचं होतं. डोंबिवलीत राहणारे, एका कंपनीत अकाउंट्स बघणारे गृहस्थ. 'मॅडम, आजच काढून टाकतो. कृपया पोलिसात जाऊ नका. आमची सोसायटी फार लहान आहे.'

मी त्यांना फोन केला. "काढू नका हो. आम्हाला तुम्हाला भेटायचंय."

रविवारी सकाळी आम्ही दोघी डोंबिवलीला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी दार उघडलं आणि आम्हाला बसवून इतक्या वेळा पाणी विचारलं, की शेवटी आतून त्यांची बायको बाहेर आली. पन्नाशीच्या आसपासची, केस अगदी बारीक, नुकते पुन्हा उगवलेले. तिच्या हातात घावण्यांची ताटली होती. मी आता त्यांना काकू म्हणते.

"यांना बोलायचं सुचत नाहीये, मीच सांगते," काकू म्हणाल्या. "माझं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गोळ्या सांगितल्या, पथ्य सांगितलं. पण घरी आल्यावर आम्ही दोघांनी एकमेकांशी कसं वागायचं, ते कोण सांगणार? हे नेटवर शोधत बसायचे. तिथे कुणीतरी तुमच्या गेमबद्दल लिहिलेलं. हे घ्यायला गेले तर दुकानात गेमच नाही."

"चोरी ती चोरीच," काका मान खाली घालून म्हणाले. "पण दुसरा रस्ता सापडला नाही."

"आम्हाला दुकानाने हाकललं, काका," मैत्रीण म्हणाली. "तुम्ही तर घरात घेतलंत."

मग कळलं की भाषांतर दोघांचं होतं. काकूंना इंग्रजी वाचायचा कंटाळा. काका वाचून अर्थ सांगायचे, काकू म्हणायच्या, "घरातली बाई असं बोलेल का? ती काय नाटकात आहे?" आणि तिने काय म्हटलं असतं ते सांगायच्या. काका टाइप करायचे. पूर्ण झाल्यावर त्यांना वाटलं, आपल्यासारखी आणखीही माणसं असतील. म्हणून जिथून घेतला तिथेच परत ठेवला.

थोड्या वेळाने काकूंनी काकांना दूध आणायला खाली पाठवलं. ते गेल्यावर माझ्याकडे वळल्या.

"तुला अगं म्हटलं तर चालेल ना? चित्रं तुझी ना गं?"

"हो."

"एक सांगू? ती ऑपरेशनच्या बाजूच्या कुशीवर झोपलेली दाखवलीयेस. नाही झोपता येत तसं, निदान माझ्याच्याने तरी नाही. तो हातसुद्धा धड वर जात नाही. आणि व्रण तू काढलायस तसा नसतो, असा असतो." त्यांनी पदरावरून बोट फिरवलं, छातीपासून थेट काखेपर्यंत. "रागावू नकोस हं. बाकी सगळं इतकं खरं होतं, म्हणून हे खटकलं."

माझे कान तापले, पण राग नव्हता आला. एवढी स्वतःची गोष्ट त्यांनी पहिल्या भेटीत माझ्या हातात ठेवली होती. धीर करून मी विचारलं, "आणि तुमचं दोघांचं? आता?"

काकू हसल्या. "हॉलमधला सोफा आता फक्त पाहुण्यांसाठी."

मी ती सगळी चित्रं पुन्हा काढली. प्रत्येक चित्र आधी काकूंना दाखवलं. त्या फोनवर मोठं करून बघायच्या आणि एका शब्दात निकाल द्यायच्या. गेम परत कुठे ठेवायचा हा प्रश्न होताच. मैत्रीण म्हणाली, "वर्गणी काढू. गणपतीला दारोदार फिरतो ना, तसं इथे नेटवर फिरायचं." अशा गेमना मनाई नसलेल्या एका साइटवर तिने आमचं पान उघडलं. ज्याला वाटेल त्याने दर महिन्याला द्यावं, नाहीतर एकदाच. मला मागायची लाज वाटत होती, आणि भरवसाही नव्हता. जी गोष्ट फुकट मिळते तिच्यासाठी वर्गणी कोण देणार?

दिली. पहिले देणारे आले ते त्या पायरेटेड साइटवरूनच. ती चालवणारा कोण ते आम्हाला आजही माहीत नाही. पण त्याने आमच्या मराठी गेमच्या डोक्यावर आपणहून लिहिलं, की ज्यांनी हा बनवला त्यांचं पान सुरू झालंय, इथून घेतलात तर तिथे जाऊन काहीतरी द्या. कोलशेतच्या एकाने लिहिलं, 'मी फुकट खेळलेलो. बायकोलाही दाखवला. आता देतोय, आणि आनंदाने देतोय.' ब्राझीलच्या एका मुलीने तिच्या भाषेत करू का म्हणून विचारलं. विचारून करणारी ती पहिली. तिचं पत्र आम्ही डोंबिवलीला वाचून दाखवलं तेव्हा काका इतके ओशाळले, की काकूंना त्यांच्या पाठीवर थाप मारावी लागली.

नोकरी सोडण्याइतकं काही जमलं नाही. ससे अजून काढतेच आहे. पण गेम जिवंत आहे, आणि तो ज्यांनी जिवंत ठेवला त्यांतल्या निम्म्यांना कायद्याने चोर म्हणतील. माझ्या तोंडी तो शब्द आता येत नाही.

काकूंनी मानधन घेतलं. काका नको म्हणत होते, काकूंनी त्यांना गप्प केलं. नाव मात्र छापू दिलं नाही. "सोसायटीत सगळे ओळखतात. 'डोंबिवलीचे दोघे' एवढंच लिही."

पुढचा गेम आम्ही आधी मराठीत लिहितोय. रविवारी त्यांच्याकडे बसतो. मी लिहिते, मैत्रीण टाइप करते, काकू खोडतात. परवा मी एक प्रसंग वाचून दाखवला, आणि अर्ध्यावर लक्षात आलं, की आपण आवाज खाली न आणता वाचतोय. काका उठून खिडकी लावायला गेले.

"अहो, राहू द्या उघडी," काकू म्हणाल्या. "वारा येतोय छान. तू वाच गं पुढे."