आत्याबाईंची वेल

माझ्या बायकोच्या आत्याबाई माणसांपेक्षा एका काटेरी वेलीला जास्त मानत, आणि त्याला सबळ कारण होतं, हे अख्ख्या नानाखेड्यात फक्त मला ठाऊक आहे. फ्रीगंजच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या इथे, पूर्वी शेत असलेल्या प्लॉटवर, एकट्याच राहत. पचमढीच्या सहलीहून ब्लॅकबेरीची एक काडी आणून त्यांनी परसात लावली. ती उभी वाढलीच नाही, सरपटत निघाली. शेंडा मातीला टेकला की तिथे मूळ धरायची आणि पुढे नवी फांदी सोडायची. "चालते रे ही," आत्याबाई कुजबुजत, जणू वेलीने ऐकलं तर ती ओशाळेल. "पावसाळ्यात एकेक पाऊल टाकते." काटे आकड्यांसारखे मागे वळलेले, हात सहज आत जाई, बाहेर येताना कातडं ठेवून येई. आत्याबाईंच्या सगळ्या पदरांना झालर लागली होती. शेजारचे वकीलसाहेब म्हणत, "बुआजी, कटवा दो इसे, साँप पालेगी." त्यावर आत्याबाई, "पाले तो पाले, आपसे दूध थोड़े माँग रही है?"

एक गोष्ट मात्र मला खटके. नळ, टाकी, सगळा ओलावा एका बाजूला, आणि वेल निघाली होती उलटीकडे, कठडा ढासळलेल्या जुन्या कोरड्या विहिरीकडे.

वैशाखातल्या एका दुपारी त्यांची औषधं घेऊन गेलो. दार सताड उघडं, घरात कुणी नाही. परसातून मात्र त्यांचा आवाज येत होता, अगदी शांत, कुणाची तरी समजूत घालत असल्यासारखा. "सोड गं आता. ताई बोलावतेय." त्यांची ताई जाऊन कित्येक वर्षं झाली होती. मी धावलो. आत्याबाई विहिरीच्या काठावरून आत झुकल्या होत्या आणि दोन्ही हातांना, पदराला, वेणीला वेलीने घट्ट धरलं होतं. मी कंबरेला मिठी घालून त्यांना मागे ओढलं, मग फांद्या कापू लागलो, तर माझ्यावरच खेकसल्या, "हळू काप! लागेल तिला!"

ओरखड्यांना हळद लावताना म्हणाल्या, "आतून ताईने हाक मारली रे, लहानपणी मारायची तशीच. मी निघालेच होते. हिने जाऊ दिलं नाही." मी मान डोलावली. आदल्याच आठवड्यात त्याच काठावर उभं राहून मी विहिरीत डोकावलो होतो. तिथे तेव्हा वेलीचं पानसुद्धा नव्हतं. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

विहिरीवर लोखंडी जाळी बसवली. काही दिवसांनी आत्याबाईंनी माझ्यापुढे वाटीभर काळी फळं ठेवली. "चकाकी जाईपर्यंत थांबले. चमकतात तोवर आंबट असतात." मग हळूच म्हणाल्या, "फळ दिलं की ती फांदी वाळते. तिचं तेवढंच आयुष्य." स्वतः त्यांनी एकही खाल्लं नाही.

पुढच्या थंडीत त्या झोपेतच गेल्या. राम घाटावर त्यांच्या अस्थी शिप्रेत सोडल्या. आता प्लॉट विकायचा घाट घातला आहे, आणि बायको विचारते, "त्या वेलीचं काय करायचं?" मी दर खेपेला म्हणतो, "एवढा पावसाळा जाऊ दे, मग बघू."