कार्डाचा दुसरा पंखा

लग्नाच्या शूटिंगची काटछाट करून फिल्म तयार करण्याला आमच्याकडं मिक्सिंग म्हणतात. शूटिंग नवरा करतो, मिक्सिंग मी. ढोकीत घराच्या पुढच्या खोलीतच दुकान आहे. एक टेबल, दोन स्क्रीन आणि टेबलाशेजारच्या बुटक्या फळीवर आडवं झोपवलेलं कॉम्प्युटरचं कॅबिनेट. ते उभं ठेवायचं असतं हे मला माहीत होतं, पण फळीवर उभं मावत नव्हतं. आडवं ठेवलं की त्याची मोठ्या भोकांच्या जाळीची बाजू वर येते. उसाच्या हंगामात शेतात पाचट पेटलं की राखेच्या काळ्या पाकळ्या उडत खिडकीतून आत येतात, म्हणून काम संपलं की मी जाळीवर सुती कापड टाकते आणि ठरल्या दिवशी उघडून ब्रशनं राख काढते. त्या आठवड्याची राख मी आदल्याच दिवशी काढली होती आणि वहीत त्यापुढं बरोबरची खूण केली होती.

त्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं बेंबळीच्या काकू आल्या. महिन्याभरापूर्वी त्यांच्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग आम्ही केलं होतं. मुलीचे वडील लग्नाला नव्हते. हृदयाचं दुखणं होतं आणि डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून बजावलं होतं. तारीख मोडू नका, असा हट्ट त्यांचाच. कन्यादान काकूंच्या दिरानं केलं.

"ताई, उद्या सकाळी मालकाला सोलापूरला न्यायचंय, ऑपरेशनला," काकू पायरीवरूनच बोलू लागल्या. "त्याच्या आदी लेकीचं लगीन बघायचं म्हणालेत. आज घिऊनच जाते."

"काकू, फोन करायचा की. एवढ्या लांब कशाला आलात?"

"फोनवर तुमी उद्या देते म्हणला असता."

खरं होतं. तसंच म्हणाले असते.

फिल्म जुळवून झाली होती. एक्स्पोर्ट तेवढं राहिलं होतं, म्हणजे सगळे तुकडे एकजीव करून पेन ड्राइव्हवर घेता येईल अशी एक फाइल बनवणं. हे काम ग्राफिक्स कार्ड करतं, आणि करताना तापतं. त्याला थंड ठेवायला त्याच्या अंगावरच दोन छोटे पंखे असतात. मी एक्स्पोर्ट लावलं, काकूंना स्टूल दिलं आणि चहा ठेवायला आत गेले. चहा घेऊन आले तर काकू हात मांडीवर ठेवून शांत बसलेल्या, आणि दोन्ही स्क्रीन काळ्या.

"आत्ताच गेलं बघा," त्या म्हणाल्या. "मी हातबी लावला न्हाय."

बिघाड आला की सोप्याकडून अवघडाकडं जायचं आणि एकदा बघून झालेलं पुन्हा बघायचं नाही, ही माझी पद्धत. स्टॅबिलायझरचा काटा जागेवर होता. मशीन पुन्हा सुरू केलं, कार्ड चालवणारा ड्रायव्हर प्रोग्रॅम तपासला, एक्स्पोर्ट परत लावलं आणि शेजारच्या स्क्रीनवर कार्डाचं तापमान दाखवणारी खिडकी उघडून ठेवली. आकडा चढत होता. पहिल्या पंख्याची गती दिसत होती. दुसऱ्यापुढं शून्य. काम नसताना दोन्ही पंखे थांबतात आणि ते ठीकच असतं, पण आता काम होतं. फळीला कान लावला तर आतून घरघर येत होती, अडखळणारी, जागच्या जागी. थोड्या वेळानं कार्डानं बंद पडून स्वतःला वाचवलं. स्क्रीन परत काळी.

नवरा गाडी पुसायचं फडकं हातात घेऊन आला. "चापट मार एक. जुना टीव्ही असाच लागायचा."

"तुमच्या कॅमेऱ्याला मारू का आधी?"

"बघा काकू, हिला विनोद झेपत न्हाय."

काकू हसल्या नाहीत. त्या स्क्रीनकडंच बघत होत्या.

धाराशिवच्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्यानं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "पंख्याची मोटर गेली असंल वहिनी. कार्ड आणून टाका. तसला पंखा मागवावा लागंल. आठवडाभरात बघू." फोन स्पीकरवर होता. "आठवडा?" काकू म्हणाल्या.

मग इतर वाटा शोधल्या. कार्ड न वापरता प्रोसेसरवर एक्स्पोर्ट लावून बघितलं. मशीन उद्या दुपारची वेळ दाखवू लागलं. तोवर काकूंचे मालक दवाखान्याच्या खाटेवर असणार. कच्चं शूटिंग तसंच देऊन टाक, असं नवऱ्यानं सुचवलं.

"तुमच्या कच्च्या शूटिंगात नवरीपेक्षा आचारी आणि जनरेटर जास्त आहेत," मी म्हणाले. "आणि त्या फाइली त्यांच्या टीव्हीवर उघडायच्या पण नाहीत."

दिलेली वेळ मी चुकवत नाही, पण इथं प्रश्न वेळेचा नव्हता. उद्या ऑपरेशन झाल्यावर निवांत बघतील, हे वाक्य कितीदा तरी ओठांवर आलं. ते मला बोलता येत नव्हतं, कारण उद्याच्या पलीकडचं त्या घरात कुणीच बोलत नव्हतं. ऑपरेशन पुढं व्यवस्थित पार पडलं, हे आज लिहिताना मला ठाऊक आहे. त्या दुपारी नव्हतं.

कॅबिनेट उघडायचं तेवढं राहिलं होतं. आदल्या दिवशी साफ केलंय, त्यात काय बघायचं, म्हणून मी ते टाळत आले होते. शेवटी बटण बंद केलं, वायर काढली, स्क्रू सोडवले आणि जाळी उचलली. पहिल्या पंख्याला बोट लावलं, तो गरकन फिरला. दुसरा थोडा सरकला आणि अडला. म्हणजे मोटर गेली नव्हती, काहीतरी आड आलं होतं. बॅटरी मारली तर पातं आणि बाहेरची कड यांच्या फटीत काहीतरी गोल, लालसर रुतलेलं होतं. प्लास्टिकच्या चिमट्यानं ते ओढून तळहातावर घेतलं.

ज्वारीचा दाणा होता. कुंकवात रंगवलेला.

आमच्या भागात बऱ्याच लग्नांत अक्षता ज्वारीच्या असतात. मी नवऱ्याकडं बघितलं, त्यानं काकूंकडं. काकूंचं तोंड उतरलं होतं.

"तुमी चहाला गेलावता तवा," त्या हळू म्हणाल्या, "मशिनीवर चिमूटभर टाकल्या. कामाला लागली हाय, निर्विघ्न व्हावं म्हणून." त्यांनी कमरेची चंची सोडून दाखवली. तिच्या एका कप्प्यात मूठभर लाल ज्वारी होती. "लग्नातल्याच हायत. मालकासाठी राखून ठिवल्यात. त्यांला कुठं टाकाय मिळाल्या?" मग दाण्याकडं बघून म्हणाल्या, "माझ्याच अक्षतेनं अडलं. उद्या त्यांला तिथं टेबलावर…"

नवरा फडक्याची घडी घालू लागला. शकुन-अपशकुन मी बाजूला ठेवला. मला हवं होतं ते मी विचारलं.

"चिमूट म्हणजे किती, काकू?"

"आँ?"

"किती दाणे टाकले? आत अजून असतील. ते काढल्याशिवाय मशीन लावता यायचं नाही."

"मोजून कोण टाकतं अक्षता?"

"मग निवडायला लागा. मला चष्म्यातनं फटीतलं दिसत नाही."

त्या स्टुलावरून उतरून खाली बसल्या. आयुष्यभर ज्वारी निवडलेल्या बाईचे डोळे ते. मी बॅटरी धरली, त्या बघत गेल्या.

"त्यो बघा, वायरीखाली. त्यो एक, त्या पांढऱ्या पट्टीजवळ."

एका दाण्यापर्यंत चिमटा पोचेना, तर त्यांनी बोट जिभेला लावून ओलं केलं. "पाणी नको!" मी ओरडले.

"थुंकी हाय, पाणी कुठंय," म्हणत त्यांनी बोट पदराला पुसलं आणि केसातला आकडा उपसला. "लोखंड पण नको!" शेवटी नवऱ्यानं खराट्याची काडी आणून दिली. निघालेले दाणे काकू एकेक करून चंचीतल्या दुसऱ्या कप्प्यात ठेवत गेल्या, राखलेल्यांपासून वेगळे.

"आता दिसत न्हाय एकबी," त्या म्हणाल्या. पण किती टाकले हेच माहीत नाही, तर किती उरले कसं कळणार?

जाळी न लावताच मशीन सुरू केलं. दोन्ही पंखे फिरले. घरातला टेबलफॅन आणून कॅबिनेटवर सोडला आणि एक्स्पोर्ट लावलं. त्यानंतरचा वेळ मी पंख्याचा आवाज ऐकण्यात घालवला. कुठं टक झालं की तिघंही दचकायचो. एकदा ते टक बाहेरच्या ट्रॅक्टरच्या साखळीचं निघालं, एकदा टेबलफॅनच्याच जाळीचं. आकडा चढायचा, थबकायचा, उतरायचा. उन्हं खिडकीतून निघून गेली. काकूंनी दुपारी काही खाल्लं नाही आणि आम्हालाही त्यांच्यासमोर जेवण गेलं नाही. पट्टी शेवटच्या टोकाला पोचली तेव्हा माझा हात माऊसवर इतका घट्ट होता की बोटं सुटी व्हायला वेळ लागला.

फाइल उघडून सुरुवात, मध्य आणि शेवट पाहिला, पेन ड्राइव्हवर घेतली. शेवटची गाडी निघून गेली होती. नवऱ्यानं काकूंना मोटारसायकलवर बसवलं. पेन ड्राइव्ह चंचीत, अक्षतांच्या शेजारी. जाताना त्यांनी विचारलं, "ताई, अपशकुन न्हाय ना ओ?"

"पंखा फिरतोय, काकू," मी म्हणाले.

दिवे लागल्यावर नवऱ्याचा फोन आला. आवाज मात्र काकूंचा.

"ताई, मागं कसं घ्यायचं ओ? आमच्या दिराला रिमोट कळंना."

"काय झालं? अडकली का फिल्म?"

"अडकली न्हाय. लई झ्याक लागलीय. मालकांनी अक्षता टाकल्या, पण हात उचलूस्तर मंगलाष्टकच सरलं. उशिरा पडल्या. परत टाकायच्या म्हणतेत."

मी डावीकडच्या दोन बाणांचं बटण सांगितलं. पलीकडं धडपड झाली, नवऱ्याचं "इथं दाबा, इथं" ऐकू आलं, आणि भटजींचा आवाज पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. कोणीतरी खोकलं. "हळू, हळू," काकू म्हणाल्या. मग काचेवर दाणे पडल्याचा तडतड आवाज आला.

"ह्या टायमाला वेळेवर," काकू फोनमध्ये म्हणाल्या.

"काकू," मी विचारलं, "टीव्हीच्या मागं जाळी आहे का हो?"