सरूमावशींचा पासपोर्ट

दुकानात माणूस आला की पहिलं वाक्य मीच बोलतो, "ओरिजिनल आणलंय का?" क्रांती चौकाजवळ माझं झेरॉक्सचं आणि फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. तीस वर्षं होत आली. जातीचा दाखला, रेशनकार्ड, पॅनकार्ड, पासपोर्ट, सगळं. लोकांच्या कागदांवर माझं घर चालतं आणि लोकांच्या कागदांपायीच माझं डोकं फिरतं. कुणाच्या आधार कार्डावर चहा सांडलेला, कुणाच्या टीसीची घडी पडून नेमकी जन्मतारीखच उडालेली. मग मी बोलतो, आणि चांगलं चारचौघांत बोलतो. बायको म्हणते, तुम्ही गिऱ्हाईक हाकलायलाच बसलेले आहात. त्या बोलण्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. एकदाच वाटलं, आणि ते आता जन्मभर पुरेल.

सरूमावशी पिशोरच्या. माझे वडील व्यंकटराव तिकडं तलाठी होते, त्या ओळखीवर पिशोरची माणसं अजून माझ्याकडं येतात. दहा-बारा वर्षांपूर्वी सरूमावशी अशाच आल्या. उंच, काटक बाई, आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाईल असा. मागं नवरा, पुंजाराममामा. ते आत आलेच नाहीत, पायरीवर बसून राहिले.

"सिरनिवासराव, आमाला दोघांला पासपोट काढायचाय," मावशी म्हणाल्या. "बोटीवर जायचंय."

माझ्या हातातला स्टेपलर तसाच राहिला. मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचा एकुलता मुलगा काकासाहेब हॉटेलचं शिक्षण घेऊन मोठ्या प्रवासी जहाजावर लागला होता. तिथं तो पाव, केक असलं भाजतो. ते जहाज त्या वर्षी दसऱ्यानंतर मुंबईहून सुटणार होतं, मालदीवपर्यंत जाऊन परत. कर्मचाऱ्याच्या आईवडिलांना कंपनी पास देत होती. एवढं सांगून त्यांनी पायरीकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. तो खाली आला तरी पायरीपर्यंत जात होता, हे त्यांना कधी कळलं नाही.

"तीन सालं झाली, बाप-लेक बोलत नायती. ह्यांना वाटलं व्हतं पोरगं अद्रकीच्या वावरात उभं राहील. त्यो बोटीवर गेला तर हे म्हणले, लोकांची उष्टी काढायला गेला. फोन आला की हे उठून गोठ्यात जातेत. आता लई मनवलंय मी. आठ दिस एका बोटीत राहिले तर बोलतीलच की. उठून जातील कुठं? चहूकडून पाणी!"

असा त्यांचा हिशेब होता. समुद्र बघायची हौस वगैरे काही नव्हती. त्यांना नवऱ्याला आणि मुलाला अशा जागी आणायचं होतं की जिथून कुणाला उठून जाता येणार नाही.

त्या दोन महिन्यांत मावशी माझ्याकडं सात-आठ वेळा तरी आल्या. त्यांच्या जन्माचा कुठंच कागद नव्हता. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. नोटरीपुढं प्रतिज्ञापत्र केलं तेव्हा म्हणाल्या, "म्हंजे माझा जलम आज झाला म्हणा की." अंगठा चालतो असं मी सांगितलं होतं, पण त्यांना सहीच करायची होती. वाया गेलेल्या झेरॉक्सच्या पाठीवर बसून बसून 'सरूबाई' गिरवलं. पोलीस चौकशीला घरी आला तर त्याला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. बोटीवर सकाळी बाहेर कुठं बसायचं, भाकरी थापायला तवा मिळतो का, ठेच्याला कस्टमवाले अडवतात का, असले प्रश्न तर विचारूच नका. मी वैतागायचो आणि उत्तरंही द्यायचो. पुंजाराममामा प्रत्येक वेळी पायरीवरच.

काकासाहेबाचा मला फोन यायचा. "सर, एवढं मार्गी लावा. ही बोट यंदाच मुंबईहून हाय, फुडल्या साली मी कुठं असंन सांगता येत नाय. आन बापा व्हय म्हणलाय, सर! बापा येतोय!" हे शेवटचं वाक्य तो दर फोनला म्हणायचा.

पासपोर्ट पोस्टानं पिशोरला आले, तसे दोघं ते दाखवायला दुकानात आले. मी प्लास्टिकच्या कव्हरात घालून मामांच्या हातात दिले आणि माझ्या नेहमीच्या थाटात बजावलं, "मामा, ट्रंकेत ठेवू नका, उंदीर लागतात. जिथं कुणाचा हात जाणार नाही अशा जागी ठेवा." मामांनी मान हलवली. मला बरं वाटलं, की चला, एक माणूस तरी ऐकून घेतो.

नवरात्र बसलं. निघायचं होतं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. सातव्या माळेला कंपनीकडून निरोप आला की पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा स्वच्छ फोटो पुन्हा पाठवा. माझ्याकडच्या झेरॉक्स त्यांना चालेनात. मी मावशींना फोन केला. म्हणाल्या, उद्या घेऊन येते.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच आल्या, आणि हात रिकामे. पहिल्यांदाच त्यांचा आवाज मला पुढं वाकून ऐकावा लागला.

"सापडंना गेले. ट्रंका उपसल्या, कोठ्या उपसल्या, गाद्या उसवल्या. गोठ्यातला कडबासुदिक हलवून पाहिला."

"मामांना विचारलं? मी त्यांच्याच हातात दिले होते."

"ते म्हणतेत, ठिवले असतील कुठंतरी. ओट्यावर बसलेत. त्यांचं तोंडच मिटलंय."

मी कामाला लागलो. पोलिसात तक्रार कशी लिहायची ते सांगितलं, मुंबईच्या दोन ओळखीच्या एजंटांना फोन लावले. पासपोर्टचं ऑफिस तेव्हा आपल्याकडं नव्हतं, परगावी जावं लागे, आणि पुढं सुट्ट्याच सुट्ट्या. कंपनीतल्या माणसाच्या अक्षरशः हातापाया पडलो. तो गोड बोलून एकच सांगत राहिला, मूळ पासपोर्ट असेल तरच जहाजावर पाय. मावशी बाकावर बसून माझ्या तोंडाकडं बघत होत्या. संध्याकाळची गाडी पकडायला उठल्या तेव्हा म्हणाल्या, "देवी काढून देईल."

देवीनं काढून दिले.

नवमीला दुपारी दोघं आले. दुकानात गर्दी होती, स्कॉलरशिपचे फॉर्म चालू होते. मावशींनी काउंटरवर जरीच्या खणाची एक पुडी ठेवली आणि सोडली. आत दोन्ही पासपोर्ट. चिखलात भिजून फुगलेले, आणि पानांतून गव्हाची पांढरी मुळं आरपार गेलेली. मावशींचा फोटो होता तिथं एक निळसर डाग उरला होता.

घट बसवताना पत्रावळीवर वावरातली काळी माती, त्यात धान्य, वर पाण्यानं भरलेलं मडकं. रोज त्यावर पाणी शिंपडायचं. एकदा बसलेला घट उठेपर्यंत कुणी जागचा हलवत नाही. कुणाचा हात जाणार नाही अशी त्या घरातली जागा तीच होती. पत्रावळीखाली.

"कव्हर दिलं होतं ना मी?" माझ्या तोंडून पहिलं हेच निघालं.

"देवाजवळ पल्याष्टिक नको म्हणून काढलं," पुंजाराममामा म्हणाले.

"पण ठेवले कुणी तिथं?"

मामांनी तोंड उघडलं होतं. ते मी पाहिलं, शपथेवर सांगतो. पण त्यांच्या आधी मावशी बोलल्या. "म्या. मपल्याच हातानं ठिवले. देवी राखील म्हणलं. आन इसरले."

मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. दोन महिन्यांची धावपळ, कंपनीवाल्याच्या विनवण्या, सगळं त्या बाईवर काढलं. शेवटी म्हणालो, "मालदीवला कुणाला पाठवायचं होतं मावशी, तुम्हाला की देवीला? अडाणीपणाला काही हद्द असते!" रांगेतली पोरं हसली. मावशींनी पदर तोंडाला लावला. "चुकलंच लेकरा," म्हणाल्या.

माझ्याच फोनवरून काकासाहेबाला कळवलं. स्पीकर चालू होता. मावशींनी पुन्हा तेच सांगितलं, माझ्या हातून झालं.

"आई, तुला यायचंच नव्हतं तर आधी सांगायचं. बापा तयार झाला व्हता ना! बापा तयार झाला व्हता, आन तू…" मग म्हणाला, "बापाला दे."

तीन वर्षांनी पुंजाराममामांनी मुलाचा फोन हातात घेतला. बोलले फारसं नाहीत. "हां पोरा. हां. जाऊ दे. तू जेवला का?" एवढंच. मावशी त्यांच्याकडं टक लावून पाहत होत्या. मला वाटलं, बाईला मेल्याहून मेल्यासारखं झालंय. माझा राग अजून उतरला नव्हता, मी पुढच्या पोराचा फॉर्म ओढून घेतला.

नंतरची वर्षं मला तुकड्यातुकड्यानं माहीत आहेत. काकासाहेब दुसऱ्या कंपनीत गेला, तिकडं लांब, अमेरिकेच्या बाजूला. वर्ष-दीड वर्षानं घरी यायचा. आल्यावर बापाबरोबर वावरात. अद्रकीला ठिबक त्यानंच बसवलं. फोन थेट बापाला. आईशी तो वाईट वागला असं नाही. साडी आणायचा, पैसे द्यायचा, बरी आहेस का विचारायचा. बोलायचा मात्र नाही.

मावशी कधी सातबाऱ्याच्या कामाला, कधी कशाला यायच्या. मी बोललेलं त्यांनी मनात ठेवलं नव्हतं. मी मात्र कधी माफीही मागितली नाही, कारण चूक त्यांचीच होती, नाही का? त्या कौतुकानं सांगायच्या, "रातच्याला दोघं अर्धा तास बोलले बघा. खताचं, बियाण्याचं, काय काय." मी एकदा म्हणालो, "आणि तुमच्याशी?"

"माझ्याशी काय बोलायचंय? मी बाजूला बसून आयकते की."

नवा पासपोर्ट काढू म्हणून मी दोनदा म्हणालो. "आता कशाला," म्हणाल्या. "माझं काम झालं." मला ते वाक्य कळलं नाही. वाटलं, म्हाताऱ्या माणसाचं बोलणं.

गेल्या श्रावणात मावशी गेल्या. कावीळ झाली, आठवड्यात संपलं. काकासाहेबाचं जहाज भर समुद्रात. तो पोचला तेव्हा दहावा होता.

दिवाळीनंतर पुंजाराममामा आले. रेशनकार्डावरून नाव कमी करायचं होतं. या वेळी पायरीवर बसले नाहीत, आत आले, काउंटरच्या अलीकडं माझ्या शेजारच्या स्टुलावर बसले. मृत्यूचा दाखला माझ्यापुढं ठेवला आणि एकदम म्हणाले, "पासपोट म्या ठिवले व्हते."

मी पेन खाली ठेवलं.

"घट बसवताना. माती आणायचं, पत्रावळ मांडायचं काम गड्याचं असतंय आमच्यात. ठिवले तव्हा मनात काय पाप नव्हतं, आईची आण. तुमीच म्हणले व्हते, कुणाचा हात जाणार नाय तिथं. पण तुमचा फोन आला, ती धुंडाया लागली, तव्हा मला ठावं व्हतं. दोन दिस ती घर उलथंपालथं करत व्हती आन मी ओट्यावर बसून बघत व्हतो."

"का नाही सांगितलं मामा? सातव्या माळेला काढले असते तर…"

"घट हालवता येत नाय, असं मनाला सांगत व्हतो. खरं ते नाय. मला वाटलं, नाय सापडले तर बरंच. त्या बोटीवर, पोराच्या मालकाच्या घरी, कसं तोंड दाखवायचं? त्यो पांढरी टोपी घालून वाढणार आन मी खाणार? जीव व्हत नव्हता." मामांनी दाखल्याचा कोपरा सरळ केला. "नवमीला घट उठवला, तिनं पाहिलं. मला एक शब्द बोलली नाय. गाडीत म्हणली, तुमी बोलू नका. पोराला कळलं तुमी ठिवले, तर त्यो म्हणंल बापानं मुद्दाम केलं, आन मंग जलमात तुमचं तोंड बघायचा नाय. आईवर चिडंल तर चिडू दे, आईवर किती दिस चिडंल?"

दुकानात दोन-तीन माणसं होती, ती आपोआप मागं सरली. प्लास्टिक मामांनी काढलं होतं, हे त्या नवमीलाच त्यांच्याच तोंडून मी ऐकलं होतं. फॉर्ममधली एका अक्षराची चूक मला उलट्या कागदावरूनही दिसते. ही विसंगती दिसली नाही, कारण मला ओरडायची घाई होती.

"काकासाहेबाला सांगितलं?" मी विचारलं.

"धाव्याच्या दिशी सांगणार व्हतो. नदीवरून आलो, त्याला बाजूला घेतला. तर त्योच गळ्यात पडून रडला. म्हणला, बापा, मी आईशी धड बोललो नाय रे इतकी सालं, आता तूच हाइस मला. मंग कसं सांगू?"

मी रेशनकार्डाचा फॉर्म काढला. कमी करायच्या नावापुढं कारण लिहायचं असतं. ते लिहिलं आणि सहीसाठी कागद मामांपुढं सरकवला. पोराला सांगा असं म्हणायला हवं होतं. मी म्हणालो नाही, आणि ते सही करून गेले.