आवाज बाहेर आला कसा?

"आवाज बाहेर आला कसा?"

सर एवढंच म्हनले अन् थाडकन् माह्या कानाखाली वाजवली. गॅदरिंग नुकतंच संपलं होतं. लोक खुर्च्या उचलून राह्यले होते. नाटकाची वही माह्या हातात तशीच.

सातवीत होती मी. मले रानी व्हायचं होतं. अख्खं नाटक पाठ, सगळ्यायचे संवाद, वही न पाहता. पन माहा बाप पिंजारी. उंद्रीच्या बाजारात बसून लोकायच्या गाद्या-रजया भरून द्यायचा. सर भर वर्गात म्हनले, "पिंजाऱ्याची पोरगी रानी? तोंड उघडलं का कापूस उडंन!" पोट्टे खो खो हसले. मी बी हसली. त्या थापडीपेक्षा या हसन्याची लाज मले जास्त वाटते. आजही.

रानी झाली पाटलाची पोरगी. तिले एक वाक्य धड पाठ होईना. मंग सरनं मले पडद्यामागं बसवलं. मी हळू आवाजात सांगायचं, तिनं मोठ्यानं म्हनायचं. त्या दिवशी ती पार विसरली. दोनदा सांगतलं, तिले ऐकूच जाईना. तिसऱ्या खेपेले माह्या तोंडातून वाक्य असं खणखणीत निंघालं का अख्ख्या मांडवानं ऐकलं. लोक हसले. कोनंतरी टाळी बी वाजवली. अन् मंग ती थापड.

कानाची आग दोन दिवसांत गेली. कुजबुज नाही गेली. आता चाळिशी उलटली, तरी एसटीत, लग्नात, कोनी बोलून राह्यलं का माहे ओठ आपोआप हालतात. त्याच्या आधी हालतात. नवऱ्यानं एकदा इचारलं, "कोनासंग बोलून राह्यली वं?" काय सांगू त्याले? अंगात कोनी शिरल्यावानी होते. मले माह्याच ओठायचं भेव वाटते.

तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात मी मराठी शिकवते. मागच्या वर्षी आमच्या संस्थेनं अकरावी-बारावीले नाटक हा विषय सुरू करायचं ठरवलं. गॅदरिंगची हौस नाही, दोन वर्षांचा पक्का अभ्यासक्रम. आराखडा मी केला. उन्हाळ्याची सुट्टी त्याच्यातच गेली. पहिल्या वर्षी श्वास, शरीर, आवाज. दुसऱ्या वर्षी दिग्दर्शन, नेपथ्य, अन् पोरायनं स्वतः लिहिलेलं नाटक. दोन वर्षांत हरेक पोरानं हरेक काम करायचं. नायक बी व्हायचं, मंच बी झाडायचा. हे कलम लिहितानी मी रडली होती, खोटं काऊन बोलू?

आराखडा तपासायले पुन्याहून एक बाई येनार होत्या. आदल्या दिवशी संस्थेच्या सचिवांनी मले बोलावलं.

"मॅडम, उद्या मांडणी आमचा पुतण्या करेल. शहरात शिकलाय, बोलणं चांगलं आहे त्याचं. तुम्ही त्याच्या मागच्या खुर्चीवर बसा. अडलं तर हळूच सांगा."

हळूच सांगा! डोकं सणकलं माहं. तरी मी "हो सर" म्हनली. मेलं, तोंडातून तेच निंघालं.

दुसऱ्या दिवशी पुतण्या बोलून राह्यला होता अन् मागं माहे ओठ हालून राह्यले होते. शब्द न् शब्द माहा. मंग एक वाक्य असं आलं का ओठ जागीच थांबले. "प्रवेशासाठी अट. शुद्ध वाणी आणि आकर्षक व्यक्तिमत्त्व."

म्या पान उलटून पाह्यलं. अट टाइप केलेली. माह्या आराखड्यात, मले न इचारता घुसडलेली.

पुन्याच्या बाईनं चष्मा काढला. "हे सगळं आधीच येत असेल, तर दोन वर्षं तुम्ही शिकवणार काय?"

पुतण्या गडबडला. मान वळवून त्यानं माह्याकडे पाह्यलं. उत्तर माह्या जिभेवर होतं. म्या नाही दिलं. सचिव दात आवळून म्हनले, "मॅडम, सांगा ना त्याला."

मी उठली.

"त्याले नाही सांगत. तुमालेच सांगते," म्या पुन्याच्या बाईले म्हनलं. भल्ल्या मोठ्यानं, अन् घरी बोलते तसंच. "आराखडा माहा हाय, अट माही नाही. या अटीनं सगळ्यात पहिले मीच बाहेर राह्यली असती. अट ठेवायची असन तं माही पानं मले वापस द्या."

"खाली बसा!" सचिव ओरडले.

"नाही बसत."

बाईनं कागदावर काहीतरी लिहून घेतलं अन् गेल्या. काय लिहिलं, अजून कोनाले मालूम नाही. आठ दिवसांनी मले नोटीस आली. पाहुण्यांसमोर संस्थेची बदनामी केली म्हने. लेखी माफी मागा, नाहीतर विषय दुसऱ्याकडे जाईन, नोकरीवर बी कारवाई होईन.

ओठ अजून हालतात. काल बी हालले. थे भूत एवढ्यानं उतरत नाही.

नोटिशीचं उत्तर आज सकाळी देऊन आली. माफी त्याच्यात नाही. अट निंघत नाही तवरोक आराखड्यावर मी सही करनार नाही, असं लिहिलं. अन् विषय माह्याकडे राह्यला तं जे पोट्टं, जे पोट्टी नाटक शिकायचं म्हनंन, त्याले मी आत घेईन. कसं बोलते, कसं दिसते, कोनाचं हाय, मी इचारनार नाही.

नोकरी गेली तं जाऊ द्या.