नंतर आणि मुळे

दवाखान्याच्या तळमजल्यावर, भांडारघर आणि शवागार यांच्या मधल्या खोलीत रेकॉर्ड विभाग होता. तिथे एक गृहस्थ सव्वीस वर्षं लोकांच्या छात्या वाचत होते. प्रत्यक्षात स्वतःची सोडून दुसरी छाती त्यांनी क्वचितच पाहिली असेल. डॉक्टरांनी केस पेपरवर जे लिहिलं, त्याला ठरलेला कोड लावायचा, हे त्यांचं काम. चाकू, सळई, काच, बैलाचं शिंग, जे काही छातीत घुसेल त्याची फाईल शेवटी यांच्या टेबलावर यायची.

छातीला भिंत असते हे माणसाला सहसा ती फुटल्यावर कळतं. यांना मात्र ती घरमालकासारखी पाठ होती. पुढची भिंत की मागची, डावी की उजवी, भोक आतल्या पोकळीपर्यंत गेलं की अलीकडेच थांबलं. मग शेवटी एक अक्षर. जखम ताजी असेल तर एक, रोगी पुन्हा दाखवायला आला तर दुसरं, आणि जखम भरून निघाल्यावर तिच्यामुळे पुढे काही उपटलं तर तिसरं. हे तिसरं अक्षर ते फार जपून वापरत. कारण त्यासाठी डॉक्टरांच्या अक्षरात ‘मुळे’ हा शब्द लागतो, आणि डॉक्टरांना तो लिहायचा कंटाळा असतो.

कागदावर नाही ते घडलं नाही, हा त्यांचा नियम. त्यावरून विभागाने त्यांचं नाव कागदकाका ठेवलं होतं.

“कागदकाका,” समोरची टायपिस्ट विचारायची, “काकूंनी ‘जेवायला या’ असं लेखी दिलं नाही तर उपाशीच राहता का हो?”

“तिचं तोंडी चालतं,” ते मान वर न करता म्हणायचे. “आवाजातच सही असते.”

एका सकाळी खिडकीशी एक बाई आली. लाँड्रीत इस्त्री करणारी. मनगटावर जुन्या चटक्यांच्या आडव्या रेघा. तिचा थोरला भाऊ आठवड्यापूर्वी याच दवाखान्यात वारला होता. तिला त्याच्या कागदांची नक्कल हवी होती.

काकांनी फाईल काढली. चार महिन्यांपूर्वी कारखान्यात ग्राइंडरची चकती फुटली आणि तिचा तुकडा छातीच्या पुढच्या भिंतीतून, डावीकडून, आत गेला. टाके घातले, जखम भरली, माणूस घरी गेला. मग ताप आला, छातीत पू झाला आणि तो गेला. डॉक्टरांनी शेवटी एक ओळ लिहिली होती : छातीच्या जखमेनंतर पू होऊन मृत्यू.

“त्या मशीनला जाळी नाही साहेब,” बाई म्हणाली. “माणूस नुसता जखमी झाला तर कारखानाच कागद रंगवतो. माणूस गेला तर निरीक्षक येतो, मशीनला सील लागतं. पण मशीनमुळे गेला असं दवाखान्याने लिहिलं पाहिजे.”

“इथे ‘नंतर’ लिहिलंय.”

“मग?”

“‘मुळे’ लिहिलेलं नाही.”

ती खिडकीतून पुढे वाकली. मग म्हणाली, “माझ्या धाकट्या भावाला त्याच मशीनवर लावलंय. सोमवारपासून. थोरल्याची जागा म्हणून. उपकार केल्यासारखे.”

काकांनी विचारणेचा फॉर्म काढला. कोड लावणाऱ्याला शंका आली तर डॉक्टरांना विचारता येतं, फक्त उत्तर सुचवायचं नाही. तसं फॉर्मच्या डोक्यावर ठळक छापलेलं होतं. त्यांनी अर्धा तास खर्चून लिहिलं : “रुग्णाची पूर्वीची जखम व मृत्यूचे कारण यांच्यातील संबंधाविषयी आपले मत कृपया स्पष्ट करावे.” वाक्यात कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. ते मनातून खूश झाले.

“दुसऱ्या मजल्यावर बसतात डॉक्टर,” टायपिस्ट म्हणाली. “जिना चढा आणि तोंडाने विचारा, थोरल्याचा जीव त्या मशीनमुळे गेला का म्हणून. गुडघे दुखत असतील तर मी जाते.”

“ते सुचवणं झालं.”

“मग सुचवा!”

“असं सुचवत गेलो तर कागद माझा होईल, डॉक्टरांचा राहणार नाही.”

यात चूक काही नव्हती, हीच पंचाईत होती. सहा दिवसांनी फॉर्म परत आला. उत्तराच्या जागी डॉक्टरांनी लिहिलं होतं : “वर लिहिल्याप्रमाणे.”

काकांनी फाईलला छातीतल्या पुवाचा कोड लावला. तिसरं अक्षर लावलं नाही. बाई आली तेव्हा नक्कल तिच्या हातात दिली. तिने बोट ठेवून ती ओळ वाचली.

“नंतर,” ती म्हणाली. “नंतर तर सगळंच होतं साहेब.”

त्या दिवशी काकांनी डबा न उघडता घरी नेला. बायकोने विचारलं तेव्हा म्हणाले, पोट बरं नव्हतं. तिने लेखी मागितलं नाही.

अठरा दिवसांनी धाकट्याची फाईल आली. तो डावखुरा होता, त्यामुळे ग्राइंडरशी दुसऱ्या अंगाने उभा राहायचा. तुकडा उजवीकडून घुसला होता. वय बावीस. दवाखान्यात आणल्यावर चाळीस मिनिटांनी मृत्यू. या वेळी लिहिण्यात कसलीही उणीव नव्हती. पुढची भिंत, उजवी, पोकळीपर्यंत, ताजी जखम. ‘मुळे’ तर दोनदा होतं. काकांनी चार मिनिटांत कोड लावला. इतकी स्वच्छ फाईल वर्षातून एखादीच मिळते.

मग त्यांनी थोरल्याची फाईल पुन्हा काढली, नवा फॉर्म घेतला आणि त्यावर एकच शब्द लिहिला : “मुळे?” तो घेऊन ते स्वतः जिना चढून गेले. डॉक्टर उभ्याउभ्या चहा पीत होते. त्यांनी कप डाव्या हातात घेतला आणि लिहिलं : “हो.” वर तोंडाने म्हणाले, “अहो, हे आधीच असं सरळ का नाही विचारलंत?”

काकांनी खाली येऊन तिसरं अक्षर लावलं. मशीनला एव्हाना सील लागलं होतं, धाकट्याच्या कागदावरून.

महिनाअखेरीच्या तपासणीत तो फॉर्म सापडला आणि काकांना मेमो आला, सव्वीस वर्षांतला पहिला. उत्तर सुचवणारा प्रश्न विचारून नियमभंग केला. कारणाचा लेखी खुलासा करावा.

त्यांनी कागद पुढे ओढला आणि लिहिलं : “सदर प्रश्न रुग्णाच्या धाकट्या भावाच्या मृत्यूनंतर विचारला.”

टायपिस्ट मान लांब करून वाचत होती. काकांनी सही केली, पेनला टोपण लावलं, पुन्हा काढलं. मग त्या वाक्यातल्या ‘नंतर’वर एक आडवी रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात दुरुस्ती केली : मुळे.